ध्यान शिकवा, पण शीलासकट

पुण्या-मुंबईतल्या आयटी कंपन्यांत, बँकांत आणि आता शाळांतही माइंडफुलनेसची सत्रं चांगलीच रुळली आहेत. दुपारच्या जेवणानंतर कॉन्फरन्स रूममधल्या खुर्च्या भिंतीकडे सरकवायच्या, मोबाईल सायलेंट करायचे आणि वीस मिनिटं श्वासाकडे पाहायचं. शिकवणारी व्यक्ती बहुतेकदा मनापासून शिकवते, आणि बसणाऱ्यांना तेवढ्या वेळात बरंही वाटतं. या सत्रांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. ज्या परंपरांतून हे तंत्र आपण उचललं, त्यांत ते कधीच एकटं नव्हतं. बुद्धाच्या अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृती, म्हणजे सजगता, सातवी येते आणि पतंजलीच्या अष्टांगयोगात ध्यानही सातवंच. त्याआधी बोलावं कसं, पोट कशावर भरावं, कोणाला इजा करू नये, दुसऱ्याचं काय घेऊ नये, हे दोघांनीही सांगून ठेवलं आहे. ही अंगं एक संपवून मग दुसरं अशी करायची नसतात, ती एकमेकांच्या आधारानं वाढतात, हे खरं. पण आपण सातवं तेवढं उचललं आणि बाकीची तिथेच ठेवली. त्यामुळे जी गोष्ट माणसाला स्वतःच्या वागण्याकडे बघायला लावण्यासाठी होती, ती आता माणसाला निमूट सोसायला शिकवते आहे.

ऑफिसात ध्यान ही कल्पना अमेरिकेतून आली, असा आपल्याकडे समज आहे. खरं तर तिचं एक फार ठळक उदाहरण रंगूनचं आहे, आणि तेही एका सरकारी हिशेब खात्यातलं. सयाजी ऊ बा खिन हे कारकून म्हणून नोकरीला लागलेले गृहस्थ. 1948 मध्ये ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हा ते देशाचे महालेखापाल झाले. 1950 मध्ये त्यांनी आपल्याच कार्यालयात विपश्यना मंडळ सुरू केलं आणि हाताखालच्या कर्मचाऱ्यांना ध्यान शिकवायला घेतलं. दोन वर्षांनी रंगूनमध्येच त्यांचं स्वतंत्र केंद्र उभं राहिलं. दिवसभर फायली, संध्याकाळी साधक, असं त्यांचं आयुष्य पुढे अनेक वर्षं चाललं. एकाच वेळी एकाहून अधिक खात्यांचा कारभार त्यांच्याकडे असे.

त्यांच्या ऑफिसातल्या ध्यानात आणि आजच्या सत्रात मोठा फरक आहे. तिथे बसणाऱ्याला आधी पंचशील घ्यावं लागे. हत्या नाही, चोरी नाही, व्यभिचार नाही, खोटं बोलणं नाही, नशा नाही. हिशेब खात्यातल्या माणसानं 'न दिलेलं घेणार नाही' आणि 'खोटं बोलणार नाही' असं म्हणणं म्हणजे काय, हे ज्यानं सरकारी कचेरीत एखादं बिल पास करून घेतलं आहे त्याला वेगळं सांगायला नको. तिथे शील हा प्रवचनाचा विषय नव्हता, रोजच्या टेबलावरच्या कागदाचा होता. तोट्यात आणि भ्रष्टाचारात रुतलेलं कृषी विपणन मंडळ सरकारनं नंतर याच माणसाच्या हाती सोपवलं, असं विपश्यनेच्या परंपरेत आवर्जून सांगितलं जातं. आणि मुख्य म्हणजे तिथे ध्यानाला सर्वांत आधी खुद्द साहेब बसत होते.

याच ऊ बा खिन यांच्याकडे 1955 मध्ये एक तरुण मारवाडी उद्योगपती आला. अर्धशिशीनं हैराण झालेला, दुखणं आवरायला मॉर्फिनची इंजेक्शनं घेणारा, देशोदेशीच्या डॉक्टरांना दाखवून थकलेला. ते सत्यनारायण गोएंका. डोकेदुखी घालवण्यासाठी शिबिरात यायचं आहे असं त्यांनी सांगितलं तेव्हा ऊ बा खिन यांनी नकार दिला. दुखण्यावरचा इलाज म्हणून ही साधना मागणं म्हणजे तिचं मोल कमी करणं, असं त्यांचं म्हणणं होतं. मन निर्मळ करायला यायचं असेल तर या; रोग मनाशी जोडलेला असेल तर त्याचं काय व्हायचं ते आपोआप होईल. गोएंका ही गोष्ट स्वतः पुढे कितीतरी वेळा सांगत. 1969 मध्ये ते भारतात आले, 1976 पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरं भरू लागली, आणि आज महाराष्ट्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना त्या शिबिरासाठी रजा देतं. तिथेही क्रम तोच राहिला आहे. पहिल्या संध्याकाळी पंचशील, मग श्वासावरचं आनापान, आणि विपश्यना चौथ्या दिवशी.

आज 'ताण कमी करण्यासाठी माइंडफुलनेस' अशी पाटी लावून जे चाललं आहे, त्याला ऊ बा खिन यांनी दारातच थांबवलं असतं. ताण हलका होणं वाईट आहे म्हणून नव्हे. ताण कुठून येतो याकडे पाहायचं टाळून फक्त तो हलका करायचा, हे त्यांना पटलं नसतं म्हणून.

दुसरी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ही परंपरा संसारी माणसांनीच वाढवलेली आहे. इंग्रजांनी 1885 मध्ये मंडालेचा राजा पदच्युत केला, धर्माचा राजाश्रय गेला, आणि आता बुद्धवचन टिकायचं कसं या काळजीनं लेडी सयाडो या विद्वान भिक्षूंनी सामान्य लोकांना अभिधम्म, म्हणजे मनाचं बौद्ध विश्लेषण, आणि ध्यान शिकवायला सुरुवात केली. त्यांचे शिष्य सया थेटजी हे शेतकरी. त्यांचे शिष्य ऊ बा खिन सरकारी नोकर, आणि त्यांचे शिष्य गोएंका व्यापारी. शेत, कचेरी, पेढी. तेव्हा रोजच्या जगण्यात ध्यान कसं आणायचं, हा प्रश्न मुळी आपण नव्यानं शोधलेला नाही. या माणसांनी तो जगून सोडवलेला आहे.

आता यातल्या मानसशास्त्राकडे वळू, कारण ते खरोखर सूक्ष्म आहे आणि आपल्या सत्रांत त्याचा फार वरवरचा भाग पोचतो.

रात्रीचे साडेनऊ. एक टीम लीड जेवायला बसली आहे. ताटात वरणभात, ताटाशेजारी फोन. ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांचा मेसेज येतो: 'हे काय पाठवलंय? उद्या नऊच्या आत नीट करून हवं.' सगळ्यांसमोर. घास तोंडातच राहतो. छाती आवळते, कानाच्या पाळ्या तापतात, पोटात खड्डा पडतो. तेवढ्यात मुलगा म्हणतो, 'आई, पापड दे ना.' आणि ती त्याच्यावर खेकसते, 'दिसत नाही का, मी काम करतेय!'

एकातून दुसरं कसं उपजतं हे सांगणारी बुद्धाची साखळी म्हणजे प्रतीत्यसमुत्पाद. तिच्यात यातली प्रत्येक कडी आहे. डोळ्यांचा आणि अक्षरांचा स्पर्श झाला. त्यातून वेदना आली. वेदना म्हणजे इथे सुखद, दुःखद किंवा मधली अशी कोणतीही संवेदना. वेदनेमागून तृष्णा आली: हे नको, हे आत्ता जायला हवं. आणि ते घालवायचा जवळचा रस्ता समोर बसला होता, आठ वर्षांचा. मेसेज आणि खेकसणं यांत काही सेकंदांचंच अंतर होतं. बुद्धाचा सगळा भर या अंतरावर आहे. स्पर्श टाळता येत नाही. वेदनाही टाळता येत नाही, शरीर आहे तोवर ती येणारच. वेदनेतून तृष्णेकडे जाणारा रस्ता मात्र सवयीचा असला तरी सक्तीचा नाही. छाती आवळते आहे हे त्या क्षणी जाणवलं, त्याच्याशी झटापट न करता दोन श्वास ते नुसतं पाहिलं, तर ती संवेदना चढते, थोडी थांबते आणि उतरते. तिची उतरण एकदा प्रत्यक्ष अनुभवली की माणूस तिच्या हुकुमाखाली पूर्वीइतका राहत नाही.

हे ज्ञान अनमोल आहे, आणि मुलगा वाचतो ही काही लहान गोष्ट नाही. आपल्या समाजात वरून आलेला राग खाली उतरत जातो: साहेबाचा टीम लीडवर, तिचा मुलावर किंवा कामाच्या मावशींवर, मुलाचा शाळेतल्या लहान पोरावर. ही उतरंड एका माणसाच्या छातीतही तोडता येते, हे मला या मानसशास्त्राचं सर्वांत मोठं सामाजिक मोल वाटतं.

पण दोन श्वासांनंतर पुढे काय? इथेच आजची सत्रं गप्प होतात. मन समतोल झालं याचा अर्थ मेसेज योग्य होता असा होत नाही. उलट राग निवळल्यावरच तो मेसेज किती अयोग्य होता हे स्वच्छ दिसतं. 'मी उद्या साडेनऊला ऑफिसात आल्यावर बघते, आणि अशा सूचना कृपया ग्रुपवर देऊ नका' हे वाक्य थरथरत्या बोटांनी लिहिलं तर भांडण होतं, शांतपणे लिहिलं तर ती सीमारेषा होते. तितिक्षा, म्हणजे न डगमगता सहन करणं, आणि होकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या सत्रात त्यांची गल्लत होते, तिथे ध्यानाच्या नावाखाली आज्ञाधारकपणा शिकवला जातो.

आणि साहेबांचं काय? त्यांनाही कुठल्यातरी क्लायंटचा मेल आला होता. त्यांचीही छाती आवळली होती. त्यांच्याही अंगठ्यानं वेदनेतून सुटायचा जवळचा रस्ता शोधला, आणि तो एका हाताखालच्या बाईच्या जेवणाच्या ताटापर्यंत आला. ध्यानाची गरज इथे दोघांनाही होती, पण जास्त कोणाला? ज्याच्या प्रतिक्रियेचा फटका जास्त माणसांना बसतो त्याला. आपली बहुतेक सत्रं ज्याला मेसेज येतो त्याच्यासाठी असतात. जो मेसेज पाठवतो तो त्या वेळी दुसऱ्या मीटिंगमध्ये असतो.

योगसूत्रांचं इथे मोठं साहाय्य होतं, आणि दुर्दैवानं योगदिनाच्या आसनांत हा भाग कोणाच्या ध्यानीमनी नसतो. दुसऱ्या पादात पतंजली हिंसा वगैरे दोषांविषयी बोलताना त्यांचे तीन प्रकार सांगतो: कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली, आणि दुसऱ्यानं केलेली पाहून मान डोलावलेली. त्यांच्यामागे लोभ, क्रोध किंवा मोह असतो, आणि त्या सौम्य, मध्यम वा तीव्र असतात. सगळ्यांचं फळ मात्र दुःख आणि अज्ञान. इतक्या जुन्या ग्रंथात जबाबदारीची इतकी काटेकोर वाटणी वाचून मी थक्क होतो.

आधुनिक ऑफिस ही बव्हंशी कारित आणि अनुमोदित हिंसेची जागा आहे. वरचा माणूस ओरडत नाही. तो असं टार्गेट ठरवतो की कोणाला तरी ओरडावंच लागतं. ते कारित. ग्रुपवरच्या त्या मेसेजला तीन जणांनी अंगठा दाखवला आणि पंधरा जणांनी वाचून सोडून दिलं. ते अनुमोदित. मग हे ऑफिसापुरतंही राहत नाही. घरबसल्या दहा मिनिटांत कोथिंबीर हवी म्हणून आपण ॲपवर बटण दाबतो, आणि एक पोरगा पावसात सिग्नल तोडत येतो. त्याच्यावर आपण ओरडलो नाही, उलट 'थँक यू दादा' म्हणालो. तरी ती घाई आपण करवली. श्वासाकडे पाहणाऱ्या माणसाला बटण दाबताना हेही दिसलं पाहिजे. दिसत नसेल, तर सजगता फक्त स्वतःच्या कातडीच्या आतच थांबलेली आहे.

पतंजली आणखी एक सांगतो, जे बुद्धाच्या ब्रह्मविहारांशी, म्हणजे मनात वाढवायच्या चार भावनांशी, नावानिशी जुळतं. सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, सत्कर्म करणाऱ्याविषयी मुदिता, दुष्कर्म करणाऱ्याविषयी उपेक्षा. यानं चित्त प्रसन्न होतं. ही सगळी दुसऱ्या माणसाविषयीची वृत्ती आहे. मन शांत करायचा उपाय म्हणून शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या बढतीत आनंद मानायला सांगणारं हे मानसशास्त्र आहे. अप्रेझलच्या आठवड्यात हे करून पाहावं. श्वास मोजण्याहून ते कैक पटींनी अवघड जातं.

बाबासाहेबांनी हा मुद्दा सर्वांत ठामपणे मांडला. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात त्यांनी म्हटलं आहे की एकट्या माणसाला धम्माची गरज नसते. दोन माणसं एकमेकांच्या संबंधात आली की मात्र त्यांना आवडो न आवडो, धम्माला जागा द्यावीच लागते. धम्म म्हणजे माणसामाणसांतलं योग्य वर्तन. दुःखाचं मूळ फक्त माणसाच्या आत शोधणाऱ्या मांडणीविषयी ते साशंक होते, कारण पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यानं लादलेलं दुःख त्यांनी पाहिलं आणि भोगलं होतं. नागपुरात 14 ऑक्टोबर 1956 ला लाखो लोकांनी जो धम्म स्वीकारला तो ताण घालवण्यासाठी नव्हता, माणूस म्हणून ताठ उभं राहण्यासाठी होता. ज्या महाराष्ट्रात हे घडलं, तिथे तरी बुद्धाचं नाव घेऊन 'परिस्थिती बदलू नका, फक्त तिच्याकडे पाहायची दृष्टी बदला' असं सांगितलं जाऊ नये.

परिस्थिती म्हणजे काय, ते नेमकं बोलू. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं आपल्या राज्यात दिवसाला नऊ तास काम ही मर्यादा घातली होती. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ती दहा तासांवर नेण्याला मंजुरी दिली. त्यावर हिंजवडी किंवा ऐरोलीला जायला-यायला लागणारे दोन-तीन तास धरा. झोप, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, आजारी सासूबाईंची औषधं या सगळ्यांतून उरतं काय? अशा माणसाला आठवड्यातून वीस मिनिटं श्वास पाहायला सांगणं वाईट नाही, पण त्याच्या थकव्याचं कारण त्याच्या मनात नाही, त्याच्या घड्याळात आहे. तासांबद्दल एक शब्द न काढता त्याला सत्राला बसवणं अप्रामाणिक आहे.

यावर एक रास्त प्रश्न येईल: शील बाजूला ठेवलं म्हणून तर हे तंत्र सगळ्यांपर्यंत पोचलं ना? जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात काही आठवड्यांचा ध्यानाचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा त्यांनी जाणूनबुजून धर्माची भाषा टाळली. त्यात विपश्यनेचं शरीरभर फिरणारं लक्ष होतं, हठयोगाची सोपी आसनं होती, आणि समोर होते जुनाट दुखण्याचे रुग्ण, ज्यांच्यासाठी डॉक्टरांकडे फारसं काही उरलं नव्हतं. त्यांना खरा आधार मिळाला, आणि मी त्या कामाचा आदर करतो. गुडघेदुखीच्या आजींकडून पंचशील मागायची काहीच गरज नाही. पण दवाखाना आणि ऑफिस सारखे नाहीत. दवाखान्यात जो बसतो त्याचाच फायदा असतो. ऑफिसात सत्राचे पैसे कंपनी देते, आणि शांत झालेल्या कर्मचाऱ्याचा फायदा कंपनीलाही होतो. जिथे फायदा असा वाटला जातो, तिथे वागणुकीचं बंधनही दोन्ही बाजूंना हवं.

शीलाची भाषा धार्मिक होईल ही भीतीही फोल आहे. खोटं बोलू नये, दुसऱ्याचं घेऊ नये, इजा करू नये, यांत कोणत्या देवाचं नाव आहे? एप्रिल 1994 मध्ये तिहार तुरुंगात हजारावर कैदी एकत्र विपश्यनेला बसले. त्यांत सगळ्या धर्मांची माणसं होती, आणि पंचशील सगळ्यांनीच घेतलं.

शाळांबाबत थोडं सांगतो. महाराष्ट्रात 'मित्र उपक्रम' या नावानं शाळांमध्ये आनापान सुरू झालं, आणि वर्गात दहा मिनिटं शांत बसणारी मुलं पाहून कोणालाही बरं वाटेल. पण ब्रिटनमध्ये 84 शाळांत आणि आठ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2022 मध्ये आले, तेव्हा वर्गात शिकवलेला माइंडफुलनेस नेहमीच्या शिकवण्यापेक्षा मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी सरस ठरला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नाही. मला यात नवल वाटत नाही. मूल मोठ्यांचं वागणं बघून शिकतं. आनापान संपल्यावर त्याच तासाला गृहपाठासाठी एखाद्या मुलाचा सगळ्यांसमोर अपमान झाला, तर त्या दिवशीचा खरा धडा तो अपमान असतो. शाळेत हे आणायचं असेल तर सुरुवात शिक्षकांच्या खोलीपासून करावी, आणि त्या शिक्षकांवरचं निवडणुकीचं, सर्वेक्षणाचं, ऑनलाइन माहिती भरण्याचं ओझं आधी कमी करावं.

आणखी एक इशारा. खोल ध्यान सगळ्यांना मानवतंच असं नाही. मोठा मानसिक आघात झालेल्या किंवा गंभीर मानसिक आजार असलेल्या माणसाला डोळे मिटून आत पाहणं त्रासाचं होऊ शकतं. म्हणूनच दहा दिवसांच्या शिबिराच्या अर्जात मानसिक आरोग्याची माहिती विचारतात. ऑफिसातल्या सत्रांत बहुधा कोणी काही विचारत नाही, आणि सगळ्यांसमोर उठून बाहेर जायची सोयही नसते.

तेव्हा ज्या संस्थांना हे मनापासून करायचं आहे त्यांच्याकडे माझं मागणं सरळ आहे. पहिल्या तुकडीत वरिष्ठांनी बसावं आणि त्यांचं झाल्यावरच बाकीच्यांना बोलवावं. सत्राला येणं ऐच्छिक असावं, आणि तिथे कोण रडलं, कोण काय बोललं, यातलं अक्षरही अप्रेझलपर्यंत जाऊ नये. शिकवणाऱ्यानं श्वासाबरोबर वाणीबद्दलही बोलावं: ग्रुपवर कोणाला काय लिहिलं, मीटिंगमध्ये कोणाचं श्रेय आपल्या नावावर घेतलं, हाताखालच्या माणसाला रात्री किती वाजता फोन केला. सत्राचा उपयोग झाला का, हे तपासताना बसणाऱ्यांना कसं वाटलं एवढंच न विचारता त्यांच्या हाताखालच्यांना विचारावं की साहेबांच्या किंवा मॅडमच्या बोलण्यात काही फरक पडला का. ज्या बैठकीत सत्राच्या खर्चाला मंजुरी मिळते, त्याच बैठकीत कामाचे तास, रजा आणि रात्रीचे मेसेज हे विषयही घ्यावेत. आणि हाउसकीपिंगच्या मावशी, गेटवरचे सिक्युरिटीवाले, कँटीनमधली पोरं यांनाही पगारी वेळेत सत्राला बसता येईल, असं कंत्राटात लिहून घ्यावं.